वीतभर मेखा

शाळेचं मैदान त्या वर्षी इतकं कठीण झालं होतं की पहिली मेख चार बोटं आत गेली आणि वाकली. दुसरीही वाकली. तिसरीला लोहाराने स्वतः घण घातला, तेव्हा घणाचा दांडाच पिचला. पावसाने पाठ फिरवलेली, जमीन तापून टणक झालेली, आणि खेळाच्या सरांनी कागदावर काढून दिलेल्या मेखा चांगल्या हातभर लांबीच्या, वर छत्रीच्या मुठीसारखा बाक. फुटबॉलचे दोन नवे गोल लोहाराने पाइप जोडून केले होते आणि ते मागच्या बाजूने जमिनीला जखडायला या मेखा हव्या होत्या. तो कागद त्याने दुकानात खिळ्याला लावला होता. येईल त्याला दाखवून तो हसायचा.

"गोल काय दावं तोडून पळणार आहे?" तो म्हणायचा.

त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं. बापापासून त्याच्या घरात जनावरांच्या मेखा होत आल्या होत्या. या जमिनीत वीतभर मेख सरळ ठोकली की माजलेला बैलही जागचा हलत नाही, हे त्याला हाताने ठाऊक होतं. म्हणून त्याने प्रत्येक मेखेचे कापून दोन तुकडे केले, टोकं काढली, बाक सरळ करून डोकी ठेचून चपटी केली आणि गोलाच्या मागच्या पाइपाला कड्या जोडून त्यांतून त्या ठोकायच्या ठरवल्या. ठोकल्या लोहारणीने. दुकानात तो लोखंड धरायचा आणि ती घण मारायची, वीस वर्षं असंच चाललं होतं. तिचे दंड नवऱ्यापेक्षा जाड होते आणि यावरून गावाने करायचे ते सगळे विनोद करून झाले होते. तिने दोन्ही गोलांना चार-चार मेखा ठोकल्या. सरांनी खांब धरून डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. गोल ढिम्म. सरांनी लोहाराच्या पाठीवर थाप मारली आणि तो आठवडाभर ताठ चालला. त्याने केलेला फाळ मातीत जायचा, विळा गवतात जायचा. गोल मात्र रस्त्यावरून दिसत होते.

त्यांना एकच मुलगी, चौदा वर्षांची, शाळेच्या संघाची गोलकीपर. हातात आलेला बॉल सुटायचा नाही म्हणून मैत्रिणी तिला सांडशी म्हणत. घरात तिच्या हातून आठवड्याला एक ताटली फुटायची ती गोष्ट वेगळी. तिला एक खोड होती. खेळ सुरू व्हायच्या आधी ती गोलाच्या आडव्या बारला उडी मारून दोन्ही हातांनी धरायची, पाय दुमडून क्षणभर लोंबकळायची आणि खाली उतरायची. सर दोनदा रागावले. मग तिच्यावर गोल होईनासे झाले, तसे तेही गप्प बसले.

अंतिम सामना शाळेच्याच मैदानावर होता. आधीच्या सामन्यात पडून मुलींचे गुडघे सोलून निघाले होते, म्हणून दोन दिवस टँकरने पाणी मारलं. वरच्या अंगाचं पाणी उतारावरून वाहून गेलं. खालच्या गोलापाशी मात्र ते मुरलं आणि तिथली माती काळी, गुबगुबीत दिसू लागली.

सामन्याला लोहार धुतलेला सदरा घालून आला. नवरा-बायको खालच्या गोलामागे, कुंपणाला टेकून बसले, कारण पहिल्या डावात सांडशी तिथेच उभी राहणार होती. पंचाने शिट्टी वाजवण्याआधी तिने नेहमीसारखी उडी मारली आणि बार धरला.

लोहारणीने पाहिलं. मागचा पाइप जमिनीपासून उचलला गेला आणि परत बसला. फार नाही, दोनेक बोटं असेल. पण तिने स्वतः कडीबरोबर ठोकलेलं मेखेचं डोकं आता कडीच्या वर आलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं तर तोही तिकडेच बघत होता.

"दोन बोटं वर आली ती," ती हळूच म्हणाली.

"ओल्याने येते थोडी. काही होत नाही."

"उठा आणि बघा जरा."

"आता? सगळं गाव बसलंय इथे. मध्यंतराला बघतो."

मग ती पुढची पस्तीस मिनिटं सामना बघत नव्हतीच. बॉल खांबाला आपटला की ती मेखेकडे बघायची. वारा सुटून जाळी फुगली की मेखेकडे. हाताचे तळवे घामाने ओले झाले आणि ती ते लुगड्याला पुसत राहिली. उठावं, आत जावं, खेळ थांबवा म्हणावं, असं तिला कितीदा तरी वाटलं. पण मेख निघाली म्हणजे लोहाराचं काम निघालं, आणि ती ठोकली होती तिने. शेजारची बाई काय म्हणेल, सर काय म्हणतील, धुतलेल्या सदऱ्यातला हा माणूस तोंड कुठे लपवेल, हे सगळं तिच्या डोक्यात फिरत राहिलं आणि ती जागची हलली नाही. तेवढ्यात आपल्या मुलींनी तिकडे एक गोल केला. लोहार उठून टाळ्या वाजवू लागला. त्याच्याही टाळ्यांत दम नव्हता.

मध्यंतर झालं. लोहार रमतगमत गोलापाशी गेला, जाळी बघतोय असं दाखवत चारही मेखांवर एकेक करून टाच दाबली आणि परत आला.

"बसल्या," तो म्हणाला.

"टाचेने?"

जी मेख ठोकताना तिच्या खांद्यातून कळ निघाली होती, ती आता चपलेच्या टाचेने आत जात होती. म्हणजे ती कशालाच धरून नव्हती. हे दोघांनाही कळलं होतं आणि कळलंय हेही दोघांना कळलं होतं. तेवढ्यात दोन्ही संघांनी बाजू बदलल्या, सांडशी पळत वरच्या गोलाकडे गेली, आणि लोहारणीच्या मनात आलं, आपली आता तिकडे आहे. तिला हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी तिला स्वतःचीच भीती वाटली.

या गोलात आता पाहुण्या संघाची मुलगी आली. अंगाने एवढीशी, तिच्या मैत्रिणी तिला लिंबू म्हणून हाका मारत होत्या. तिचे हातमोजे तिला मोठे होत होते. तिने बारकडे पाहिलं, उडी मारली, हात पोचला नाही. दुसऱ्यांदा बोटं लागली. लोहारीण उठून उभी राहिली होती. "नको गं पोरी," ती म्हणाली, पण एवढ्या हळू की कोणाला ऐकू गेलं नाही. तिसऱ्या उडीला लिंबूने बार धरला, आणि सांडशीने केलं होतं तसंच पाय दुमडून अंग पुढे झोकलं.

चारही मेखा एकदम बाहेर आल्या. आवाजसुद्धा झाला नाही. सगळा गोल पुढे झुकला, लिंबू पाठीवर पडली आणि बार तिच्या कमरेवर आला. तो पडण्याचा आवाज लोहारणीने ओळखला. लोखंड मऊ गोष्टीवर पडलं की असा बुजलेला आवाज येतो.

कुंपण ओलांडून ती पोचली तेव्हा मुली बार उचलत होत्या, दोन्ही संघांच्या, चिखलात गुडघे टेकून. सांडशी सगळं मैदान पळत आली होती. लिंबूचे डोळे उघडे होते पण ती कोणाकडेच बघत नव्हती, ओठ पांढरे पडले होते. लोहारणीने घण मारून घट्टे पडलेला आपला हात त्या मुलीच्या डोक्याखाली घातला आणि कोणाची तरी गाडी येईपर्यंत तसाच ठेवला. लोहार कुंपणाशीच उभा होता. त्याने तार धरून ठेवली होती.

पाहुणा संघ पुढे खेळायच्या स्थितीत नव्हता. आपण एक गोलने पुढे आहोत, तर नियमाने कप आपला, असं दोघा-तिघा मोठ्या माणसांनी पंचाला सांगून पाहिलं. तेव्हा आपल्या संघाची कप्तान आणि सांडशी पंचाजवळ गेल्या. आमचा गोल मोजू नका, ती बरी झाली की पहिल्यापासून खेळू, असं त्यांनी सांगितलं. मोठी माणसं गप्प झाली. मुलींना जे सुचलं ते आपल्याला का सुचलं नाही, असा चेहरा एकाचाही झाला नाही, पण गप्प झाली.

लिंबूला मोठ्या दवाखान्यात नेलं. कमरेचं हाड मोडलं होतं आणि पोटात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं. दोन दिवस काही सांगता येत नाही, एवढंच कळत होतं.

ते दोन दिवस लोहारणीने कसे काढले ते तिलाच माहीत. दारात सायकल थांबली की बातमी आली वाटायचं. पोलीस येतील, दुकानाला कुलूप लागेल, नवऱ्याला नेतील, हे भय होतंच. पण त्याखाली दुसरं भय होतं आणि ते जास्त खोल होतं. ती पोर गेली तर पुढे जगायचं कसं आणि कशासाठी, हे तिला कळेना. आजवर तिने असा विचार कधी केला नव्हता. सकाळी भट्टी पेटवायची, दिवसभर घण मारायचा, संध्याकाळी जेवून पडायचं. आता भांडी घासताना तिच्या मनात यायचं, आपण केलेलं लोखंड कोण तपासून बघतो? बैल बांधणारा बघत नाही, विळा घेणारा बघत नाही. लोक डोळे मिटून आपल्यावर भार टाकतात. आपल्या जगण्याला काही अर्थ असेल तर तो एवढाच होता, आणि तो आपण टाचेने दाबून आलो.

सामन्यानंतर दोन दिवसांनी खेळाचे सर कागद घेऊन दुकानात आले. दोन रात्रींत त्यांचाही चेहरा उतरला होता. शाळेला अहवाल द्यायचा होता. त्यांनी वाचून दाखवलं. गोलाचं काम पक्कं होतं. खेळाडू नियम मोडून बारला लोंबकळली, त्यामुळे अपघात झाला. खाली गोल बनवणाऱ्याची सही हवी होती. मैदानावर लोंबकळू नये अशी पाटीही लावली आहे, असं सर म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, की मेखा कागदावर होत्या तशाच होत्या ना. लोहार ऐरणीकडे बघत म्हणाला, तशाच. त्याने अंगठा-बोटाची काजळी पुसली आणि सही केली. लोहारीण भट्टीपाशी उभी होती. तीही काही बोलली नाही.

सर गेल्यावर आतून सांडशी आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने दोन दिवस धड खाल्लं नव्हतं आणि हात सारखे काखेत दडवून बसायची.

"ती माझ्यामुळे लोंबकळली," ती म्हणाली. "बाजू बदलताना तिने विचारलं, तू ते कशाला करतेस. मी म्हटलं, भीती जाते. तिला भीती वाटत होती गं आई. मी म्हटलं, तूही कर."

आणि ती रडू लागली. लोहारीण तिला जवळ घ्यायला गेली तर तिने अंग चोरलं. आपण यापुढे गोलात उभं राहणार नाही, कशालाच हात लावणार नाही, असं ती म्हणत राहिली. लोहाराने हे ऐकलं. तो उठला आणि कारण नसताना भट्टीत कोळसा घालू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की लिंबू शुद्धीवर आली, धोका टळला. लोहाराने मोठा श्वास सोडला. त्याने लगेच काम काढलं. एका शेतकऱ्याचा फाळ कितीतरी दिवस पडून होता. त्याने तो लाल केला, ऐरणीवर धरला आणि लोहारणीने घण उचलला. पाच-सहा घाव झाले. मग तिने घण खाली टेकवला.

"मार की, थंड होतंय."

"नाही मारत."

"हात दुखतोय का?"

"हात दुखत नाही. तुम्ही आधी पोरीला सांगा, मेखा कापल्या होत्या म्हणून. मग त्या मुलीच्या बापाला सांगा. तोवर या दुकानात मी घण उचलायची नाही."

फाळाचा लाल रंग उतरत गेला. लोहाराने हातातली लोखंडी सांडशी घट्ट धरून ठेवली होती, जणू ती सोडली की काहीतरी होईल. तो म्हणाला की धोका टळला आहे, आता कशाला उकरून काढायचं. तो म्हणाला की सही झाली आहे, आता खोटं ठरू. तो म्हणाला की मेख तूच ठोकलीस. ती म्हणाली, हो, मी ठोकली, आणि टाचेने बसली तेव्हाही मी बघत होते, म्हणून मीही येते. शेवटी लोहार म्हणाला, "मला भीती वाटते गं." लग्नाला वीस वर्षं झाली होती, हे वाक्य तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मलाही वाटते, ती म्हणाली.

त्याने मुलीला बोलावलं. मेख दोन बोटं वर आलेली आपण बघितली होती, हे सांगायला त्याला फार वेळ लागला. बैल मेख आडवी ओढतो, गोल पडताना ती वर उपटतो, एवढी साधी गोष्ट लोहाराला कळायला हवी होती, असं तो म्हणाला. सांडशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "पहिल्या डावात मी होते ना तिथे?" बापाने मान हलवली. दवाखान्यात आपणही येणार, एवढंच ती म्हणाली.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, खोलीबाहेरच्या बाकावर लिंबूचा बाप बसला होता. तो शिंपी होता. मान पुढे झुकलेली, तर्जनीवर सुया टोचून टोचून झालेली खरखर, आणि सदऱ्याच्या कॉलरला दोन टाचण्या, घाईत काढायच्या राहिलेल्या. लोहार त्याच्यासमोर उभा राहिला आणि बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याने सगळं सांगितलं. कागद, कापलेल्या मेखा, ओली जमीन, मध्यंतरातली टाच, सही. लोहारीण शेजारी उभी होती. हा माणूस आता उठेल आणि नवऱ्याच्या कानफटात मारेल, असं तिला वाटत होतं, आणि त्याने मारावं असंही वाटत होतं.

शिंपी उठला नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. बोलणं संपलं. मग त्याने मान वर केली.

"दुसरा गोल?" त्याने विचारलं.

लोहाराला कळलं नाही.

"गोल दोन असतात ना. दुसरा अजून उभा आहे का?"

लोहारणीला कळलं. त्याच लोखंडाच्या, तेवढ्याच लांबीच्या चार मेखा तिने तिकडेही ठोकल्या होत्या. तीन दिवस ती पोलिसांना भ्यायली, लोकांना भ्यायली, देवाला भ्यायली, आणि तो गोल रस्त्यावरून दिसत असताना तिला दिसला नव्हता. नवऱ्याने खिशातून फोन काढला, तो हातातून खाली पडला. सांडशीने तो उचलला आणि शाळेचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. तिने परत लावला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"खेळाचा तास आहे," सांडशी म्हणाली.

तिसऱ्यांदा शिपायाने उचलला. लोहारणीने फोन ओढून घेतला. पोरं कुठे आहेत विचारलं, तर मैदानावर म्हणाला. वरच्या अंगाला पाणी मारलंय का विचारलं, तर म्हणाला, काल संध्याकाळीच मारलं, पोरांचे गुडघे सोलतात ना.

"दादा, फोन ठेवू नका, तसाच टाका आणि पळत जा. वरच्या गोलाजवळून सगळ्या पोरांना हाकला. गोल आडवा पाडा. मी लोहारीण बोलतेय, माझ्यावर विश्वास ठेवा आणि पळा."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग लांबून मैदानावरचा गलका ऐकू येऊ लागला. पोरं ओरडत होती, पण आनंदाने की कशाने, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. चौघंही त्या एका फोनभोवती उभी होती. शिंप्याने नकळत लोहाराचा दंड धरला होता. लोहारीण श्वास रोखून ऐकत होती. मधे एक किंकाळी आली आणि तिने डोळे मिटले. मग कोणीतरी हसलं. मग बराच वेळ नुसता गलका. मग चपला फटफटत जवळ आल्या.

"पाडला," शिपाई धापा टाकत म्हणाला. "तिघी होत्या बारला. पाटीच्या शेजारी लोंबकळत होत्या कार्ट्या. मेखा नुसत्या हाताने निघाल्या हो, बाई."

लोहारणीने ते शब्द तसेच पुन्हा सांगितले. लोहार भिंतीला धरून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. सांडशी त्याच्याजवळ बसली. शिंपी तसाच उभा राहिला. त्याचा राग गेलेला नव्हता, जाणारही नव्हता, ते त्याच्या जबड्यावर दिसत होतं. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि खोलीचं दार अर्धं उघडलं. आत पलंगावर लिंबू पडली होती, पायाला वजन बांधलेलं, डोळे दाराकडे लागलेले.

"शुद्धीवर आल्यापासून ती एकच विचारतेय," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबा, मी का लोंबकळले, माझी चूक झाली ना. मला काय सांगावं कळत नव्हतं. मला जे सांगितलंत ते तिला सांगा."

लोहार उठला. दारापर्यंत जाताना तो दोनदा थांबला. मग त्याने चपला बाहेर काढल्या आणि आत गेला.